मार्सेलिसला दोन रात्री द्या : मराठी सहल-संचालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून युरोपच्या सहली नेणाऱ्या संस्थांचे संचालक, सहलींची आखणी करणारी मंडळी आणि टूर मॅनेजर यांस,

स.न.वि.वि.

दक्षिण फ्रान्सच्या सहलीची पुस्तिका उघडली की तीत नीस असते, मोनॅको असते, कान असते, ग्रासचा अत्तराचा कारखाना तर असतोच असतो. मार्सेलिस बहुतेक पुस्तिकांत नसते. ज्यांत असते, त्यांत ‘पॅनोरॅमिक ड्राइव्ह आणि फोटो स्टॉप’ एवढेच लिहिलेले असते. बस टेकडीवरच्या चर्चपाशी थांबते, चाळीस-पन्नास माणसे उतरतात, जुने बंदर वरून बघतात, खाली येऊन साबणाच्या वड्या घेतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत शहर मागे पडलेले असते.

अशाच एका सहलीत मी होते. बसमधल्या माइकवरून शहराची ओळख तीन वाक्यांत उरकली गेली. हे फ्रान्समधले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर, इथे पाकीटमार फार, आणि याच बंदरात सावरकरांनी उडी मारली. हात जुन्या बंदराकडे दाखवला गेला. सगळ्यांनी त्या दिशेने नमस्कार केला, काहींचे डोळे भरून आले. ज्यांचे डोळे भरले त्यांच्या भावनेविषयी माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच सांगते, दाखवलेली जागा ती नव्हती.

सहल कोणत्या संस्थेची होती याला महत्त्व नाही. अनेकांच्या सहली अशाच असतात, हे नंतर ओळखीच्या बऱ्याच जणांकडून ऐकले. माझी मागणी एकच आहे. मार्सेलिसला पूर्ण दोन दिवस आणि दोन रात्री द्या, आणि तिथे मराठी माणसाला जे सांगायचे ते नीट वाचून, नकाशा समोर ठेवून सांगा. नंतर पश्चात्ताप झाला म्हणून मी पुन्हा स्वतंत्रपणे तिथे जाऊन राहिले, आणि हे पत्र त्या दुसऱ्या मुक्कामातून लिहिते आहे.

आधी उडीविषयी, कारण आपल्या माणसांना त्या शहरात खेचून नेणारी गोष्ट तीच आहे.

मार्सेलिसचे जुने बंदर म्हणजे शहराच्या पोटात शिरलेली एक चिंचोळी खाडी. तिच्या तोंडाशी दोन किल्ले, आत मासेमारीच्या होड्या आणि शेकडो शिडाच्या नावा. शिडाच्या जहाजांच्या काळात ती पुरली. वाफेवरची मोठी जहाजे आली तेव्हा ती अपुरी पडू लागली आणि 1844 पासून तिच्या उत्तरेला, ला जोलिएतच्या किनाऱ्यावर, समुद्रात भिंत घालून नव्या गोद्या बांधायला सुरुवात झाली. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडल्यावर तर त्या गोद्या उत्तरेकडे वाढतच गेल्या. सावरकरांना नेणारी ‘मोरिया’ ही पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची आगबोट दहा हजार टनांहून मोठी होती. असल्या बोटी जुन्या बंदरात जात नव्हत्या, त्या नव्या गोद्यांत लागत. तुमच्या प्रवाशांनी ज्या जुन्या बंदराला नमस्कार केला तिथून ती जागा उत्तरेकडे, टेकाडामागे राहते आणि दिसतही नाही.

ती बघायची असेल तर ला जोलिएतला जावे लागते. मेट्रोचे स्टेशन त्याच नावाचे आहे. जवळच ‘तेरास द्यू पोर’ हा मोठा मॉल आहे आणि त्याची लांबलचक गच्ची थेट गोदीवर उघडते. समोर कॉर्सिका आणि अल्जीरियाला जाणाऱ्या बोटी, त्यापलीकडे समुद्र थोपवून धरणारी लांब भिंत, उजव्या हाताला एकामागे एक गोद्या. गोदीच्या आत सर्वसामान्यांना सोडत नाहीत, पण या गच्चीवर उभे राहायला कुणी पैसे घेत नाही, बसायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपसाठी याहून सोयीची जागा मला तरी सुचत नाही. इथे उभे राहून घटना सांगा.

आणि ती पूर्ण सांगा. 13 मार्च 1910 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक. 1 जुलैला ‘मोरिया’वरून हिंदुस्थानकडे रवानगी. 7 जुलैच्या संध्याकाळी बोट मार्सेलिसला लागली आणि 8 जुलैच्या सकाळी सावरकर शौचकूपाच्या गोल खिडकीतून पाण्यात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि धावत सुटले. फ्रेंच सागरी पोलिसांतल्या एका हवालदाराने त्यांना पकडले. बोटीवरून पाठलाग करत आलेली माणसे तोवर पोचली होती, आणि सावरकर पुन्हा बोटीवर नेले गेले. दुसऱ्या दिवशी बोट सुटली.

इथपर्यंत आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. यानंतरचे मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि माझ्या मते उडीचे मोठेपण त्यानंतरच्याच भागात आहे. किती अंतर पोहले याने ते ठरत नाही. धक्क्याला पाय लागला तेव्हा तो माणूस फ्रान्सच्या भूमीवर होता आणि त्याला राजकीय आश्रय मागण्याचा हक्क होता. तो न विचारता त्याला परदेशी पोलिसांच्या हवाली केले गेले. पॅरिसच्या समाजवादी वर्तमानपत्रांनी यावर रान उठवले. त्यात कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे आघाडीवर होते. फ्रान्सने ब्रिटनकडे सावरकरांना परत मागितले, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले आणि 24 फेब्रुवारी 1911 रोजी निवाडा आला. पकडून सोपवण्यात अनियमितता झाली हे लवादाने मान्य केले, पण कैद्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरवले. तोपर्यंत इकडे मुंबईत दोन जन्मठेपांच्या शिक्षा सुनावून झाल्या होत्या. पारतंत्र्यातल्या देशाच्या एका तरुणावरून युरोपातली दोन साम्राज्ये लवादासमोर उभी राहिली, आणि आजही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला असतो. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाविषयी बसमधल्या सगळ्यांचे एकमत असणार नाही, आणि असायलाही नको. पण 8 जुलै 1910 ला या गोदीत काय घडले हे सर्वांना सारखेच आणि अचूक कळायला हवे. त्याला वीस मिनिटे लागतात. वीस मिनिटे द्या.

त्याच गच्चीवरून आणखी दोन गोष्टी सांगता येतील. सुएझनंतर मुंबईहून निघालेली टपालबोट एडन, पोर्ट सैद करत मार्सेलिसला लागायची. ज्यांना घाई असे ते इथेच उतरत आणि रेल्वेने फ्रान्स ओलांडून इंग्लंड गाठत. जिब्राल्टरचा वळसा वाचे. शिकायला विलायतेला गेलेल्या आपल्या कितीतरी माणसांनी युरोपच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते याच धक्क्यावर. दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी 11 सप्टेंबर 1931 रोजी ‘राजपुताना’ बोटीतून इथेच उतरले.

आणि त्याआधी, 26 सप्टेंबर 1914 रोजी, लाहोर डिव्हिजनचे हिंदी सैनिक इथे उतरले. उन्हाळी गणवेशातली ती माणसे पुढच्या काही आठवड्यांत उत्तर फ्रान्सच्या चिखलात आणि थंडीत उभी होती. महायुद्धाची सगळी वर्षे मार्सेलिस हा हिंदी सैन्याचा फ्रान्समधला तळ होता. शहराच्या दक्षिणेला माझार्ग नावाच्या भागात युद्धस्मशान आहे. तिथे सुमारे दीड हजार कबरी पहिल्या महायुद्धातल्या आहेत. मागच्या बाजूला, ज्यांचे दहन झाले त्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ते 1925 मध्ये उभे राहिले. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान मोदी आणि राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले आणि त्याच भेटीत शहरात भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला. त्या दिवसांत तुमच्यापैकी काही संस्थांनी समाजमाध्यमांवर अभिमानाने मजकूर टाकला होता. सहलीच्या कार्यक्रमात मात्र माझार्ग अजून मला कुठे दिसलेले नाही. बसने तिथे जायला जुन्या बंदरापासून फार वेळ लागत नाही. आत गवत कापलेले, दगड धुतलेले, आणि माणूस सहसा कुणी नसते. सैन्यात मुलगा-जावई असलेली कुटुंबे तुमच्या प्रत्येक सहलीत असतात. त्यांना इथे आणा.

आता जुन्या बंदराकडे वळते, कारण तिथेही बघायचे पुष्कळ आहे आणि त्यातले फार थोडे दाखवले जाते.

खाडीच्या टोकाशी सकाळी मासळीबाजार भरतो. कोळणी आणि कोळी रात्रीचा माल निळ्या पाट्यांत मांडून उभे असतात, मासे अजून हलत असतात. वर वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी 2013 मध्ये उभारलेले आरशासारखे चकचकीत छत आहे. त्यात खालची माणसे उलटी दिसतात आणि मुलांना ते फार आवडते. बहुतेक ग्रुप इथेच थांबून परततात. इथून अवघ्या पाच मिनिटांवर, एका मॉलच्या मागच्या अंगणात, 2,600 वर्षांपूर्वीच्या शहराचा ग्रीक तट आणि बुजून गेलेल्या बंदराचा धक्का उघड्यावर पडून आहे. 1967 मध्ये मॉलसाठी खणताना तो सापडला. आजच्या तुर्कस्तानातल्या फोकाया गावचे ग्रीक दर्यावर्दी ख्रिस्तपूर्व 600 च्या सुमारास इथे आले आणि त्यांनी मस्सालिया वसवले. कथा अशी की स्थानिक राजाची मुलगी जिप्तिस हिने स्वयंवराच्या दिवशी सगळे सोडून नुकत्याच आलेल्या परदेशी प्रोतिसच्या हाती पाण्याचा पेला दिला. स्वयंवर म्हटल्यावर आपल्या बायकांना आणखी काही समजवावे लागत नाही.

शेजारीच शहराचे इतिहास संग्रहालय आहे. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवावा असा आग्रह आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातल्या एका ग्रीक नावेचे अवशेष तिथे आहेत. 1993 मध्ये जुन्या बंदराजवळ खणताना ती मिळाली. तिच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, त्या दोरीने शिवलेल्या आहेत. भोकांच्या रांगा डोळ्यांनी दिसतात. संशोधकांनी तशीच शिवलेली नाव नव्याने बांधून, जिप्तिसचेच नाव देऊन, 2013 मध्ये समुद्रात सोडली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याने शिवण्याची विद्या शतकानुशतके होती, आणि गोव्यात त्याच पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ जहाज 2025 मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. मालवणचा, रत्नागिरीचा, गोव्याचा माणूस त्या काचेसमोर उभा राहिला तर त्याला ती नाव परकी वाटणार नाही. फक्त कुणीतरी त्याला तिथे उभे करायला हवे. त्याच संग्रहालयात 1974 मध्ये सापडलेले रोमन मालवाहू जहाज आहे. लाकूड कोरडे पडून फुटू नये म्हणून ते गोठवून वाळवले गेले. ती सगळी प्रक्रिया तिथे समजावून सांगितली आहे, आणि तुमच्या ग्रुपमधले निवृत्त इंजिनिअर तिथून हलणार नाहीत.

गोव्याचाच धागा आणखी एका ठिकाणी लागतो. खाडीच्या बाहेर इफ नावाच्या खडकाळ बेटावर किल्ला आहे. एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीतला कैदी तिथून पळतो म्हणून जगभरचे लोक तो बघायला जातात. पण किल्ला बांधला जाण्याच्या आधी, 1516 च्या जानेवारीत, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस या बेटांवर आला होता तो एक गेंडा बघायला. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला, 1515 मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढला आणि 20 मे रोजी लिस्बनला पोचला. पोर्तुगालच्या राजाने तो पोपकडे पाठवला आणि वाटेत जहाज इथे थांबले. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ ते बुडाले, गेंडाही गेला. जर्मन चित्रकार ड्यूररचे गेंड्याचे प्रसिद्ध चित्र याच जनावराचे, आणि ड्यूररने त्याला प्रत्यक्ष कधीच पाहिले नव्हते. बोट जुन्या बंदरातून सुटते आणि वीसेक मिनिटांत बेटावर पोचते. मिस्त्राल हा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला की मात्र इफला बोट लागत नाही. म्हणूनच दोन दिवस मागते आहे. एका दिवशी वारा असला तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

या बंदराने माल आणला तशी मरणेही आणली, हे टाळून शहर दाखवणे मला पटत नाही. 25 मे 1720 ला ‘ग्राँ सेंत आंत्वान’ हे जहाज पूर्वेकडून रेशीम आणि सुती कापड घेऊन आले. वाटेत त्यावरची माणसे मेली होती. नियमाप्रमाणे माल लांब ठेवायला हवा होता, पण त्या मालात शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांचे पैसे गुंतले होते, जत्रेचा हंगाम जवळ आला होता, आणि विलगीकरण ढिले झाले. सुमारे 90,000 वस्तीच्या शहरात 40,000 च्या आसपास माणसे प्लेगने गेली. जहाजाच्या कप्तानाला त्या इफच्या किल्ल्यातच डांबले. 1896 नंतरचा मुंबई-पुण्याचा प्लेग आपल्या घराघरांत सांगितला गेलेला आहे. सावरकरांचे वडील 1899 मध्ये प्लेगनेच गेले. हे सगळे एका शहरात, अर्ध्या दिवसाच्या चालीत येते, आणि आपण ते सोडून अत्तराच्या कारखान्यात एक तास काढतो.

बंदराच्या उत्तरेला टेकाडावर ले पानिए ही सर्वांत जुनी वस्ती. चढाच्या गल्ल्या, वाळत घातलेले कपडे, भिंतींवर चित्रे. तिथे चालताना खालच्या बाजूला, अगदी पाण्यालगत, अचानक सरळ रेषेतल्या 1950 च्या दशकातल्या इमारती लागतात. त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. जानेवारी 1943 मध्ये जर्मन सैन्य आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून ही वस्ती वेढली, वीस हजारांवर माणसांना घराबाहेर काढले, शेकडो ज्यूंना छळछावण्यांकडे धाडले आणि फेब्रुवारीत सुमारे 1,500 इमारती सुरुंगांनी उडवल्या. काठावरचे जुने नगरभवन आणि मोजक्याच इमारती वाचल्या.

टेकडीवरचे नोत्रदाम द ला गार्द तुम्ही दाखवताच, म्हणून त्याविषयी थोडेच. 1864 चे हे चर्च, वर सोन्याचा मुलामा दिलेली अकरा मीटरची मेरी, गावकरी तिला ‘चांगली आई’ म्हणतात. प्रवासी बाहेरून फोटो काढतात आणि बसमध्ये परत येतात. आत न्या. छतापासून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत, भिंतींवर वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडताना लावलेल्या संगमरवरी पाट्या आणि चित्रे आहेत. आपल्या कोळीवाड्यातली बाई एकवीरेला जे बोलते तेच तिथे फ्रेंचमध्ये लिहिलेले आहे. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट 1944 मधल्या लढाईतल्या गोळ्यांचे व्रण आहेत, तेही दाखवा. आणि मोठी बस तिथे वर चढवण्याचा खटाटोप सोडा, जुन्या बंदरापासून 60 नंबरची साधी सिटी बस थेट वर जाते.

आता तुमच्या अडचणींकडे येते. त्या मला माहीत आहेत आणि त्या खोट्या नाहीत.

पहिली अडचण बसची. युरोपात चालकाला दिवसात साधारण नऊ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनी पाऊण तास थांबावे लागते, म्हणून तुमचा दिवस घड्याळावर बांधलेला असतो. पण मार्सेलिसमध्ये बस लागतच नाही. पॅरिसहून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे सव्वातीन तासांच्या आसपास सेंट शार्ल स्टेशनात आणून सोडते, मेट्रोची दोन स्टेशने गेली की जुने बंदर. दोन दिवस चालकाला सुट्टी, बसचे भाडे वाचते. स्टेशनच्या दाराशी 104 पायऱ्यांचा प्रचंड जिना आहे. तो बघायचा, उतरायचा नाही. सामान असताना आतूनच मेट्रो घ्यायची.

दुसरी अडचण जेवणाची. ‘आमच्या लोकांना तिथे काय मिळणार’ हे वाक्य मी कार्यालयात बसून ऐकले आहे. मार्सेलिसच्या उत्तर टोकाला लेस्ताक नावाच्या वस्तीत पानिस मिळतात, म्हणजे शिजवून थापलेल्या आणि तळलेल्या बेसनाच्या चकत्या. मीठ-मिरपूड लावून कागदात देतात. शाकाहारी माणूस त्यांवर खुशीत दुपार काढतो. राजमा आणि भाज्यांचे, तुळशीच्या वाटणाचे ‘सूप ओ पिस्तू’ उन्हाळ्यात सगळीकडे असते. ऑलिव्हच्या काळ्या चटणीपासून मात्र शाकाहारी मंडळींना सावध करा, तीत बहुधा मासा असतो आणि हे कुणी सांगत नाही. मासे खाणाऱ्यांसाठी बुइयाबेस आहे. आधी केशर घातलेला रस्सा, मग त्याच रश्शात शिजलेले चार-पाच जातींचे मासे, काटेरी रास्कास त्यात हवाच. महाग असते. स्वस्त मिळाले तर ते खरे नाही.

साबणाविषयीही तेच. 1688 च्या राजाज्ञेने मार्सेलिसच्या साबणात फक्त ऑलिव्हचे तेल वापरण्याचा नियम घातला. आजही खरा साबण हिरवट किंवा मळकट पांढऱ्या चौकोनी ठोकळ्याचा असतो, त्यावर 72 टक्के तेल असा शिक्का असतो आणि त्याला अत्तराचा वास नसतो. तुमच्या ठरलेल्या दुकानात प्रवासी जांभळ्या, गुलाबी, सुवासिक वड्या घेतात. घेऊ देत, आवड आपापली. पण जुना साबण कोणता हे आधी सांगायला काय हरकत आहे?

तिसरी अडचण सुरक्षिततेची. पाकीट सांभाळा, मोबाइल टेबलावर ठेवू नका, रात्री उशिरा एकटे हिंडू नका, हे जरूर सांगा. पण मुंबईच्या लोकलमधून चाळीस वर्षे प्रवास केलेल्या माणसांना तेवढे पुरते. नोआय बाजारातून मी एकटी फिरले आहे. अल्जीरियन, ट्युनिशियन, कोमोरो बेटांवरची माणसे, जिरे-धण्यांची पोती, कोथिंबिरीच्या जुड्या. क्रॉफर्ड मार्केटमध्ये वाढलेल्या बायका तिथे घाबरणार नाहीत. इटालियन, आर्मेनियन, उत्तर आफ्रिकी अशी लाटेमागून लाट आलेल्या माणसांनी हे शहर घडवले आहे आणि त्यांच्याविषयी बसमध्ये जी भाषा मी ऐकली ती आपल्या तोंडी शोभत नाही. आपलीही मुले-नातवंडे आज परक्या बंदरांत, परक्या शहरांत राहतात.

बाकीच्या गोष्टी झटकन सांगते. जुन्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या किल्ल्याला पुलाने जोडलेले ‘म्युसेम’ हे जाळीदार काँक्रीटचे संग्रहालय मंगळवारी बंद असते, पण त्याच्या पुलावर आणि किल्ल्याच्या बागेत फिरायला तिकीट नाही. शहराची आपली संग्रहालये सोमवारी बंद. तेव्हा सोमवार-मंगळवार टाळून मुक्काम ठेवा. शहरालगतच्या समुद्रकाठी असलेल्या कालांकच्या चुनखडी कड्यांचे 2012 पासून राष्ट्रीय उद्यान झाले आहे. तिथल्या सुजितों खाडीत उन्हाळ्यात दिवसाला 400 जणांनाच सोडतात आणि त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, म्हणून ग्रुपला बोटीतूनच ते कडे दाखवा. कॉस्केर ही प्रागैतिहासिक चित्रांची गुहा समुद्राखाली आहे, तिचे तोंड पाण्याखाली 37 मीटरवर. तिची हुबेहूब प्रतिकृती 2022 पासून म्युसेमशेजारी उघडली आहे आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही ती बघता येते. स्थापत्याची आवड असलेल्यांना वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांची सिते रादियूज ही निवासी इमारत जरूर दाखवा. 2016 मध्ये चंदीगडचे कॅपिटल संकुल आणि ही इमारत एकाच नोंदीत जागतिक वारसा यादीत गेली.

टूर मॅनेजर मित्रमैत्रिणींनो, हा परिच्छेद खास तुमच्यासाठी. दिवसाला सोळा तास तुम्ही आमचे सामान, औषधे, रुसवेफुगवे सांभाळता आणि त्यात पुन्हा इतिहास सांगायचा म्हणजे काय ते मी पाहिले आहे. संस्थेने तुम्हाला तयारीसाठी वेळ आणि पुस्तके द्यायला हवीत. ती मिळत नसतील तर मागा. पर्यटकांपैकीच एखाद्या जाणत्याच्या हाती माइक द्यायलाही हरकत नाही. आणि एखादी जागा नक्की ठाऊक नसेल तर हात दाखवू नका, ‘या बंदराच्या परिसरात’ एवढेच म्हणा. प्रवासी तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवून घरी जातो आणि ते पुढे दहा जणांना सांगतो.

संचालकांना शेवटचे. पुढच्या उन्हाळ्याच्या पुस्तिका दिवाळीच्या आसपास छापायला जातात. निदान एका सहलीत हा बदल करून पाहा. पहिल्या दिवशी सकाळी मासळीबाजार आणि इतिहास संग्रहालय, दुपारी ले पानिए आणि म्युसेमचा पूल, संध्याकाळी ला जोलिएतची गच्ची. दुसऱ्या दिवशी वारा असेल त्याप्रमाणे इफ किंवा नोत्रदाम, मग माझार्ग. ग्रासचा एक तास आणि मोनॅकोतला एक मुक्काम काढला की हे बसते, मी वेळापत्रक मांडून पाहिले आहे. किंमत थोडी वाढली तरी प्रवासी देतील, कारण ‘सावरकरांची उडी’ एवढ्या शब्दांसाठी माणसे आजही नाव नोंदवतात हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. कुणाला माझ्या टिपणांचा आणि खुणा केलेल्या नकाशाचा उपयोग होणार असेल तर मी ते विनामूल्य द्यायला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका आणि तुमची नेहमीची प्रवासी
पुणे